खळवाल्या नांगची हजेरी

नांग देलिंगचा, म्हणजे देलिंगताईचा, कोणावरच विश्वास नव्हता. दर शनिवारी ती फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका छोट्या संग्रहालयात खळ शिजवायला यायची. आधी मागच्या दाराची कडी तपासायची, मग पहारेकरी गेल्या आठवड्यातलाच आहे ना ते निरखायची, आणि मगच पातेलं शेगडीवर चढवायची. नोंदवहीत सही करा म्हटलं की म्हणायची, चष्मा घरी राहिला. चष्मा तिच्या गळ्यातच लोंबत असायचा. एकाहत्तर वर्षांच्या बाईशी वाद कोण घालणार?

खळ मात्र तिच्यासारखी कोणाला जमत नसे. देशात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी राजवट, लागू झाली त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने याच शहराच्या भिंतींवर पत्रकं चिकटवली होती. आता संग्रहालयात शाळेची पोरं यायची, जुने फोटो बघायची, फलक रंगवायची, तिच्या खळीने भिंतीवर कागद डकवायची आणि शेवटी खोटी सभा भरवून ठराव मतांना टाकायची. हे सगळं रिचेल नावाची पंचविशीतली मुलगी शिकवायची. हसरी, कामाला वाघ आणि देलिंगच्या मते भाबडी.

तीन शनिवार एक माणूस मागच्या बाकावर येऊन बसत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारीक कापलेले केस, चकचकीत बूट. या उकाड्यात सुटीच्या दिवशी बूट कोण घालतं? तो फोटो बघत नव्हता, पोरांकडे बघत होता.

"दाय, हा कोण गं?" देलिंगने पातेलं ढवळत रिचेलला विचारलं. तरुण पोरींना ती दाय म्हणायची.

"पालक आहेत, नांग. मायलीनचे बाबा असावेत."

"असावेत?"

"आता मी काय त्यांच्या जन्माचा दाखला मागू?" रिचेल हसली.

तेवढ्यात तो माणूसच पुढे आला. "मॅडम, हजेरीचा कागद जरा बघायला मिळेल का? कोणकोण येतं इथे, ते बघायचं होतं."

"हो, संपल्यावर देते की," रिचेल म्हणाली आणि पोरांकडे वळली.

कागद टेबलावर पडला होता, बत्तीस नावांचा, पत्ते नसलेला. रिचेलला वाटत असेल, पत्ता नाही तर काय बिघडतं. पण इथे पत्ता लागतो कोणाला? स्पॅनिश साहेबांनी गावागणिक एकेक अक्षर वाटून त्याच अक्षराची आडनावं दिली, ती अजून चालू आहेत. न म्हणजे मिआगाओ, ग म्हणजे गिंबाल, त म्हणजे तिग्बावान. सोयरीक जुळवताना हे बरं पडतं. शिपायांनाही बरं पडलं होतं.

मार्शल लॉच्या वर्षी, बहात्तर साली, पाद्र्याच्या सभागृहात पोरांची सभा झाली, तेव्हा वही देलिंगच्या हातात होती. तेवीस आडनावं तिने सुंदर अक्षरात लिहिली आणि वही तिथल्याच खणात विसरली. चारच दिवसांत जीप बरोबर त्या त्या गावात पोहोचल्या. फेलिनो नासिओनालेस मिआगाओहून गेला तो परत आलाच नाही. लिहिणारीने स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं, म्हणून तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. फेलिनोची आई बाजारात भेटली, तेव्हा सगळ्यांदेखत तिने एवढंच विचारलं, "पोरी, तूच कशी गं राहिलीस?"

पोरं भिंतीकडे वळली, तशी तिने कागद उचलला, चार तुकडे केले आणि उकळत्या खळीत सोडले. कागद विरघळायला वेळ लागतो. ढवळणारीचा हात तोवर थांबला नाही.

घोळ उघडा पडला तो प्रमाणपत्रं वाटताना. हजेरी नाही, तर प्रमाणपत्र नाही. अर्धी पोरं त्यासाठीच आलेली असतात, उगाच लोकशाहीचं नाव कशाला पुढे करायचं? पळीला चिकटलेला निळ्या शाईचा तुकडा मायलीनने पाहिला. पंधरा वर्षांची, शिरा ताणून बोलणारी पोर. पाच मिनिटांत सभा भरली, आणि ही खोटी नव्हती. ठराव मंजूर झाला. कोरे पुठ्ठे रंगले. बत्तीस पोरं शेगडीपुढे उभी राहिली, आणि फलकांवर लिहिलं होतं, 'आमची नावं परत द्या'.

देलिंग त्या फलकांकडे बघत राहिली. तिला रागही आला आणि रडूही. मग तिने पातेलं खाली उतरवलं आणि पोरांना वहीची गोष्ट सांगितली. फेलिनोच्या आईचा प्रश्नही सांगितला, जो तिने नवऱ्यालासुद्धा सांगितला नव्हता.

फलक हळूहळू खाली आले. मायलीनने नवा कागद आणून तिच्यापुढे ठेवला.

"नांग, तुमचं नाव त्या वहीत नव्हतं ना? मग आता पहिलं तुमचं."

देलिंगने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. अक्षर अजून सुंदरच होतं. अदेलिना गरिंगालाव. मग तिने पेन मागच्या बाकाकडे धरलं.

"तू. ये इकडे."

"माझं कशाला, नांग?" तो माणूस उठला. "मी पोरगी कोणाच्या संगतीत बसते ते बघायला येतो. तुम्ही पोरांच्या डोक्यात काय भरवता, याची मला धास्ती वाटते, खरं सांगतो."

"वाटू दे. मलाही तुझी वाटते. ज्याला यादी बघायची असेल, त्याने आधी यादीत यावं."

तो टेबलापाशी आला. मग वाकून त्याने लिहिलं, तेरुएल. मायलीनने खाली लिहिलं, तेरुएल. देलिंगने दोन्ही आडनावं अक्षर न् अक्षर ताडून पाहिली, आणि तेव्हा कुठे पेन बाकीच्या पोरांकडे दिलं.

शेवटच्या पोराचं नाव होईपर्यंत ती कागदापासून हलली नाही. मग घडी घालून तिने तो रिचेलच्या हातात दिला.

"कपाटाला कुलूप लाव, दाय. आणि कधी कोणी यांच्यासाठी आलंच, तर त्याला आधी गिंबालला, माझ्या दारी पाठव."