गुणाजीची दृष्ट

माझी नात रेवा मोबाइलवर जपानी कार्टून बघते. कार्टून म्हटलेलं तिला खपत नाही. "अ‍ॅनिमे म्हणा, आजोबा." म्हणतो बापडा. काळा कोट आणि एका डोळ्यावर केस म्हणजे व्हिलन, एवढं मला चष्म्याशिवायही कळतं. हिरो वार करण्याआधी वाराचं नाव ओरडून सांगतो आणि व्हिलन तोवर शहाण्यासारखा थांबून राहतो.

"आता बघा," परवा ती म्हणाली, "व्हिलनची लहानपणीची गोष्ट दाखवतील. मग तो हिरोला वाचवायला येईल आणि मरेल. नेहमी असंच असतं. बोअर."

मी हसलो. पण मला गुणाजी आठवला आणि दिवसभर जेवण गेलं नाही.

मी रघुवीर, डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत सगळ्यांचा अण्णा. कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचो आणि चाळीच्या पूजेला दरवर्षी नाटक बसवायचो. लिहिणारा मी, बसवणारा मी, हिरोही मीच. लाज कसली ती नव्हती. गुणाजी माझ्या शेजारच्या साच्यावर. राजापूरकडचा, अंगाने दांडगा, आवाज खर्जातला, म्हणून व्हिलन कायम तोच. कधी सावकार, कधी कामगारांवर डाफरणारा जॉबर, कधी मालक. शेवटच्या अंकात मी त्याला लोळवायचो. लोक त्याला शेंगांची टरफलं मारायचे, बायका बोटं मोडायच्या. तो पडदा पडल्यावर टरफलं गोळा करून मोजून दाखवायचा. एरवी मुंगीलाही वाट देणारा माणूस.

आमच्या मंडळाची एक रीत होती. नाटक संपलं की चाळीतल्या जाईबाई मीठ-मिरच्या घेऊन यायच्या आणि व्हिलनची दृष्ट काढायच्या. रात्रभर शंभर जणांचे तळतळाट अंगावर घेतलेत, ते घेऊन घरी जाऊ नये म्हणून. हिरोची दृष्ट कुणी काढत नसे, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

ब्याऐंशीच्या गिरणी संपाला वर्ष झालं तेव्हाच्या पूजेला मी संपफोड्यावर नाटक लिहिलं. गुणाजीने वही वाचली आणि परत दिली.

"रघ्या, मालक दे, गुंड दे. हे नको. लोकांची डोकी आधीच तापलीत."

"नाटक आहे रे," मी म्हणालो. "तुझ्याशिवाय शोभणार कुणाला?"

केलं त्याने. असं केलं की त्या दिवशी एक टरफल आलं नाही. माणसं गप्प बसून त्याच्याकडे बघत होती. मला मात्र लोक खांद्यावर घेऊन नाचले. जाईबाई ताट घेऊन आल्या, त्याच्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असल्याची काय दृष्ट काढायची?" तशाच परत गेल्या. गुणाजी तोंडाचा रंग पुसत बसला होता. मी ते पाहिलं, आणि हारात मान घालून हसत राहिलो.

मे महिन्यात मी गिरणीत कामाला गेलो. कारण सांगत नाही. कारणं सगळ्यांच्याच घरात होती. दादरला काम बघायला जातो असं चाळीत सांगायचो आणि डोक्याला पंचा गुंडाळून मागच्या गेटने आत शिरायचो. दुसऱ्याच दिवशी माझ्या मागोमाग आलेल्या गुणाजीने गेटवर माझं मनगट धरलं. "परत चल. कुणाला सांगत नाय. चल." मी हात सोडवून घेतला. तो पुढचे तीन दिवस येऊन तिथे उभा राहिला, फक्त माझ्यासाठी.

तिसऱ्या दिवशी चाळीतल्या पोरांनी त्याला गेटवर पाहिलं.

त्या संध्याकाळी चौकात बैठक बसली. "गेटवर काय करत होतास?" गुणाजीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. कुणीतरी माझ्याच नाटकातलं वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं, अगदी माझ्या ढंगात, हात वर करून. त्याने माझं नाव घेतलं नाही. मी तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. ती दोन मिनिटं मी आजवर रोज मोजतो. त्याच्या बिऱ्हाडाला लोकांनी नळावर नंबर देणं बंद केलं. महिन्याभरात तो खोलीला कुलूप घालून गावाला गेला.

रेवाच्या त्या बोलण्यानंतर मी एसटीने त्याच्या गावी गेलो. फार उशीर केला होता. गुणाजी जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याची बायको शेवंती अंगणात कोकमं वाळत घालत होती. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तर तिने हात न थांबवता म्हटलं, "माहीत हाय. त्याच रात्री सांगितलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, पोरांची सगळी आशा त्याच्यावर हाय, चाळीत एक तरी हिरो राहू दे."

तिने मला चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर घशाखाली उतरला असता.

गेल्या रविवारी चाळीच्या पूजेला माझा सत्कार ठेवला होता. शाल घातली. सेक्रेटरी म्हणाला, "अण्णा, जुन्या नाटकातला एखादा उतारा होऊन जाऊ दे." मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. मागचं गेट, पंचा, मनगट, बैठक. गुणाजीचं नाव घेऊन, माझं नाव घेऊन. आवाज फुटला, मध्येच थांबलो, डोळे पुसले. म्हटलं, आता टरफलं येतील. येऊ देत.

टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. "या वयात काय काम केलंत, अण्णा!" सेक्रेटरीने मला मिठी मारली. "अहो, हे खरं आहे," मी म्हणालो, तर त्यालाही टाळी पडली.

पहिल्या रांगेत रेवा बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

आमचा जिना अंधारा आहे, गुडघे माझे गेलेले. रोज चढताना ती न सांगता माझा हात धरते. त्या दिवशी ती पुढे निघून गेली.