साडूंची दुपारची वीज

माझ्या थोरल्या साडूंइतकी सूर्याची काळजी वाहणारा माणूस उभ्या विक्रोळीत नसेल, आणि अशा माणसाचा साडू होण्याइतकं दमवणारं नातं उभ्या मुंबईत नसेल. त्यांच्याकडे नवीन मीटर बसला, दर अर्ध्या तासाला किती वीज लागली ते फोनवर दाखवणारा, आणि आमची वाट लागली. पूर्वी महिन्याचा एकच आकडा यायचा; कुणी कधी किती वापरली हे ब्रह्मदेवालाही कळत नसे. आता कळतं. दुपारी सूर्याची वीज भरपूर आणि घेणारे कमी. संध्याकाळी ऊन गेलं की नेमकी तेव्हाच सगळी मुंबई एसी लावते, मग कोळसा जाळावा लागतो. तेव्हा होतील तेवढी कामं दुपारी उरकायची. मुद्दा बिनतोड आहे, पण तो ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

साडू स्वतः भरदुपारी गीझर लावून आंघोळ करत. आंबोळ्यांचं पीठ दुपारीच वाटायचं, मग मे महिन्यात ते सकाळपर्यंत पातेल्याबाहेर येऊन ओट्यावर पसरलं तरी चालेल. संध्याकाळी मला मुलुंडला फोन. "अरे, मागे वॉशिंग मशीन चालू आहे ना? आवाज येतोय. बंद कर रे! उद्या दुपारी लाव."

"दुपारी मी ऑफिसात असतो, भाऊ."

"मग टायमर कशाला दिलाय तुला?"

या सगळ्यात खरी भरडली गेली ती ताई, माझी मेहुणी. ती पहाटे उठून ऑफिसवाल्यांचे डबे करते. दुपारची घटकाभर झोप एवढाच तिचा विसावा, आणि नेमक्या त्याच वेळी दोन खोल्यांच्या घरात मिक्सर, मशीन आणि घरघंटी एकदम सुरू व्हायची. "भावजी, सूर्याचा भला होवंदे," ती मला म्हणाली, "पण हे माका डोळो लावूक देत नायत." मी साडूंना सांगून पाहिलं. त्यांनी कौतुकानं फोन पुढे केला. आलेखात दुपारी मोठा डोंगर उभा होता. "झकास ना?" म्हणाले. मी हात टेकले.

मग एका सकाळी शेगडीपुढे उभ्या उभ्याच ताईचा डोळा लागला आणि तिचा हात तव्यावर पडला.

हे कळल्यावर मी रविवारी दुपारी तिला बघायला गेलो. दार उघडून साडूंनी ओठांवर बोट ठेवलं. घर गप्प होतं. हाताला पट्टी बांधलेली ताई खाटेवर गाढ झोपली होती. मशीन बंद ठेवून साडू मोरीत बसून कपडे हातानं धूत होते, नळाची धार बारीक करून. खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"आजची वीज घेऊ दे दुसऱ्या कुणाला तरी," ते कुजबुजले. ओला हात लेंग्याला पुसून त्यांनी फोन दाखवला. डोंगर गेला होता. दुपारची रेघ सपाट होती. त्या रेघेवरून बोट फिरवत ते म्हणाले, "ही बघ. एवढा वेळ झोपली ती."

इतकी वर्षं मी या माणसाला कंटाळत आलो, आणि त्या क्षणी तो मला फार जवळचा वाटला. मी पिळे उचलले आणि आवाज न करता दोरीवर वाळत घालू लागलो.