सकाळी अडणारं लेथ मशीन

“मॅडम, हा पिंजरा आजच्या आज काढून न्या,” अण्णा म्हणाले. मी खांद्यावरची बॅग अजून खालीही ठेवली नव्हती.

अण्णांचं वर्कशॉप जळकोटजवळ हायवेला लागून आहे. ट्रक, ट्रॅक्टर, ट्रॉली, जे येईल ते. त्या दिवशी दारात एक ट्रक मागची चाकं काढून उभा होता. त्याचा ड्रायव्हर टायरवर बसून आमच्याकडे बघत होता, जणू पिंजरा काढायचा की नाही हे त्यालाही विचारलं जाणार होतं.

मी पुण्याच्या एका लहान कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. आम्ही वर्कशॉपमधल्या मशीनना संरक्षक गार्ड बसवतो. कॅटलॉगमध्ये त्याला मोठं नाव आहे, पण गिऱ्हाईक त्याला पिंजरा म्हणतं आणि आता आम्हीही म्हणतो. मी धाराशिवचीच असल्यामुळे इकडची सगळी कामं माझ्याकडे येतात. फक्त जळकोटच्या कामाला याआधी दोन्ही वेळा माझा सहकारी येऊन गेला होता. त्याच्याच रिपोर्टची प्रिंट माझ्या हातात होती.

पिंजरा होता ड्रम लेथवर. ब्रेक दाबला की चाकातल्या लोखंडी ड्रमला लायनर घासतात. घासून घासून ड्रमला आतून चरे पडतात. मग तो ड्रम लेथवर पकडून फिरवायचा आणि हत्यारानं आतला पातळ थर काढून तो पुन्हा गुळगुळीत करायचा. ट्रकचा ड्रम जड असतो. तो फिरायला लागला की बाही, उपरणं, बोट, जे सापडेल ते ओढून घेतो. शिवाय ड्रम ज्यात पकडतात त्या चकला आवळायची एक चावी असते. ती काढायची विसरून मशीन चालू केलं तर चावी गोळीसारखी सुटते. अण्णांकडे ती एकदा सुटली होती. छताच्या पत्र्याला भोक पाडून गेली. त्या भोकातून जमिनीवर उन्हाचा रुपयाएवढा ठिपका पडतो आणि तो वायसपाशी, म्हणजे शिकंज्यापाशी, पोचला की लेथ चालवणारे दगडूमामा डबा उघडतात. चावी गेली त्यानंतरच अण्णांनी पिंजरा घेतला होता.

“काय बिघडलंय?” मी विचारलं.

“बिघडलंय कसलं, अडून बसतंय. सकाळी शटर उघडलं की मशीन चालू हुत न्हाय. पिंजऱ्याचं दार लावा, उघडा, परत लावा. गिऱ्हाईक दारात, आन् आमी दार लावतुय. दोनदा तुमचा माणूस आला, स्विच बदलून गेला. त्या दिशी चालतंय, सकाळी पुन्यांदा तेच.”

“आता तर चालू आहे.”

“इलेक्ट्रिशननं डायरेक्ट करून दिलंय.”

डायरेक्ट हा शब्द ऐकला की मी आधी मेन स्विच कुठे आहे ते बघते. पिंजऱ्याच्या चौकटीवर एक स्विच असतो, त्याला इंटरलॉक म्हणतात. त्याला समोरून एक बारीक आडवी फट असते. दारावर स्टीलची एक पट्टी असते, तिला आम्ही जीभ म्हणतो. दार लागलं की जीभ फटीत जाते आणि मगच मोटरला करंट मिळतो. दार उघडं, तर मशीन बंद. डायरेक्ट म्हणजे मधला स्विच वगळून वायर सरळ जोडून टाकणं. मग पिंजरा उरतो नुसता शोभेला.

आत बघितलं. दार सताड उघडं, ड्रम फिरतोय, आणि दगडूमामा आत वाकून बघतायत. गळ्यात उपरणं. त्याचं एक टोक हत्यारापासून वीतभर.

मी फार बोलत नाही. शाळेतही नव्हते बोलत. अशा वेळी हाक मारली तर माणूस दचकून भलतीकडे हात टाकतो, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे, आणि ते माझ्या स्वभावाला सोयीचं पडतं. मी भिंतीकडे गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

ड्रम फिरत फिरत थांबला.

“लाईट गेली काय?” मामा आतूनच म्हणाले.

“नाही मामा. मी बंद केली.”

बॅगेतून लहान लाल कुलूप काढून मी मेन स्विचला लावलं आणि किल्ली खिशात टाकली. हा आमचा नियम आहे. मशीनमध्ये ज्याचा हात जाणार, किल्ली त्याच्याच खिशात. दुसरा कुणी चुकूनही चालू करू शकत नाही.

“आमच्याच मशीनला तुमचं कुलूप?” अण्णा म्हणाले.

“काम होईपर्यंत.”

“आन् ह्यो ट्रक?”

ड्रायव्हर म्हणाला, “माझी घाई न्हाय. मालकाची हाय.”

मामा उपरण्यानं हात पुसत बाहेर आले. “मॅडम, मशीनला पडदा कशाला म्हंतो म्या. तिचं काय लगीन हाय?”

“मामा, उपरणं काढून ठेवा ना.”

“घाम कशानं पुसू?”

मी बॅगेतलं सुती फडकं पुढे केलं. त्यांनी उपरणं काढून खिळ्याला अडकवलं.

डायरेक्ट केलेली वायर मी आधी सोडवली. मग स्विच काढला. रिपोर्टमध्ये दोन्ही वेळा लिहिलं होतं, “ड्रमची धूळ साचल्याने निकामी.” पटण्यासारखं होतं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ड्रम कापला की काळपट पावडर उडते, कुठेही शिरते. सहकाऱ्यानं जुना स्विच फेकून नवा बसवला होता. मी मात्र काढलेला स्विच टेबलावर कागद पसरून उघडला.

आतून राखाडी पावडर निघाली. मामांकडे चुऱ्यातले तुकडे उचलायचं लोहचुंबक होतं, ते मागून घेतलं. जमिनीवरच्या धुळीजवळ नेलं, तर धूळ त्याला ब्रशच्या केसांसारखी चिकटली. कागदावरच्या पावडरजवळ नेलं, तर पावडर जागची हलली नाही.

म्हणजे ती लोखंडाची नव्हती.

मी कागद नाकाशी नेला. वास ओळखीचा होता, पण वर्कशॉपमधला नव्हता. अंदाज आला. पण अर्धवट माहितीवर तोंड उघडायचं नाही, ही माझी जुनी सवय.

पुण्याला सरांना फोन केला. ते म्हणाले, “हे बघ, कस्टमरला नको असेल तर काढून टाक. तिसरी व्हिजिट आहे ही.”

“सर, काढला तर ते उद्यापासून उघड्यावर काम करणार.”

“त्यांचं मशीन, त्यांचे हात. आपण किती धावायचं?”

“उद्या सकाळपर्यंत थांबते.”

“ओके. पण उद्या लास्ट. नाही झालं तर गार्ड घेऊनच ये.”

नवीन स्विच बसवला, कुलूप काढलं. दार लावलं, मशीन चालू झालं. दार उघडलं, बंद पडलं. मामांनी पिंजऱ्याच्या खिडकीतून आत बघायचा प्रयत्न केला आणि तोंड वाकडं केलं. खिडकी दुधासारखी पांढुरकी झाली होती. ती काच नसते, काचेसारखं दिसणारं मजबूत प्लास्टिक असतं. मामा ती रोज पेट्रोलच्या फडक्यानं पुसत होते. पेट्रोलनं ते प्लास्टिक आंधळं होतं आणि ठिसूळही. माझ्याकडे बॅगेत स्पेअर शीट होती. ती बदलली आणि साबणाच्या पाण्यानं पुसायला सांगितलं.

“भांड्याच्या?”

“भांड्याच्याच.”

“आज चालंल ओ,” अण्णा म्हणाले. “आज म्हंजी न्हेमीच चालतंय. सकाळी या.”

“येते. तुम्ही शटर उघडाल तेव्हा मी इथंच असेन. उद्या अडलं तर पिंजरा मी घेऊन जाते.”

“बगा हां. शबुद दिला तुमी.”

रात्री नळदुर्गला मावशीकडे राहिले. पिंजरा परत न्यायचा तर टेंपो कुठला सांगायचा, हा विचार करत झोपले. डोळ्यांसमोर मात्र टेंपो नव्हता, मामांच्या उपरण्याचं ते टोक होतं.

सकाळी पोचले तेव्हा शटर नुकतंच वर गेलं होतं. अण्णांसोबत त्यांच्या आई होत्या. सगळे त्यांना अव्वा म्हणतात. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे इकडे बऱ्याच घरांत आईला अव्वा म्हणतात. त्या रोज दिवस उगवला की येतात, पूजा करतात आणि घरी जातात. दिवसा येणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरला त्या दिसायचं काही कारणच नव्हतं.

मी बाजूला उभी राहिले. अव्वांनी दारात पाणी शिंपडलं. मग लेथपाशी आल्या. पिंजऱ्याचं दार उघडलं. मशीनच्या कपाळावर, म्हणजे गिअरबॉक्सच्या झाकणावर, विभूतीचे तीन पट्टे ओढले. एक झेंडूचं फूल ठेवलं. दोन अगरबत्त्या पेटवल्या, मशीनला ओवाळल्या आणि अगदी सवयीनं, न बघता, स्विचच्या फटीत खोचल्या.

एकदम फिट बसल्या. त्यासाठीच केलेली जागा असावी तशा.

डोळे मिटून हात जोडले. राख फटीत गळत होती. जळलेल्या काड्या त्या जाताना रोज उचलून नेत असणार, म्हणून कुणाच्या नजरेस आल्या नव्हत्या.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनाही आत्ता दिसलं होतं. इतके दिवस शिव्या कुणाला दिल्या हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होतं. दगडूमामा तेवढ्यात सायकल लावून आत आले, त्यांनी एकदा स्विचकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत जाऊन सायकलचं कुलूप तपासू लागले.

“अण्णा,” मी हळूच म्हटलं.

“म्या न्हाय सांगणार,” अण्णाही तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले. “तुमी कंपनीचे हाव. तुमी सांगा.”

अव्वांनी डोळे उघडले. “कोन ही पोरगी?”

“पिंजऱ्याच्या कंपनीच्या मॅडम हायत.”

अव्वांचा चेहरा खुलला. “तुमचीच व्हय ही पेटी? लई चांगली केलीय गं. आदी म्या अगरबत्ती केळ्यात लावायची, तर ह्यो दगडू केळं खाऊन टाकायचा. तुमी पेटीला भोकच ठिवलंय. म्या म्हनलं, कंपनीनं किती ध्यान ठिवलंय.”

दारातून मामांचा आवाज आला, “एकदाच खाल्लं हुतं.”

मी हो म्हणून मोकळी झाले असते, तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. अव्वांना, अण्णांना, मला. पण मग पिंजरा टेंपोत गेला असता.

“अव्वा,” मी म्हटलं, “ते भोक अगरबत्तीसाठी नाही.”

“मग कशापायी?”

मी अगरबत्त्या काढून त्यांच्या हातात दिल्या. दारावरची जीभ दाखवली. दार हळूहळू लावत ती फटीत कशी जाते ते दाखवलं. “ही आत गेली की मशीनला कळतं, दार लागलंय. राख साचली की जीभ पुरती जात नाही. मशीनला वाटतं दार उघडं आहे. म्हणून ते चालू होत नाही.”

अव्वांनी हातातल्या अगरबत्त्यांकडे बघितलं. मग लेकाकडे वळल्या. “म्हंजी रोज सकाळी मशीन अडायचं ते माज्यामुळं?”

अण्णा छताकडे बघत होते.

“मग काम कसं चालवलासा रं?”

“डायरेक्ट केलं हुतं,” अण्णा म्हणाले.

“म्हंजी?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. दार उघडं ठेवून मशीन चालायचं, मामा आत वाकायचे, गळ्यात उपरणं असायचं.  अव्वांनी वर, पत्र्याच्या भोकाकडे बघितलं.

“दगडू, हिकडं ये.”

मामा आले. आजोबा झालेला माणूस. अव्वांनी त्यांचा कान पकडला. “माजी चूक म्या अडाणी म्हनून झाली. तुला तर दिसत हुतं की दार उघडं हाय. तुजी बायकू मला येऊन इचारल तर म्या काय तोंड दावू?”

“अव्वा, ह्यास्नी बी सांगा की,” मामा अण्णांकडे बोट करून म्हणाले.

“त्याला घरी गेल्यावर सांगते.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “आता मला दुसरी जागा दे. पेटीवरच पायजे. केळं न्हाय.”

ही मागणी कॅटलॉगमध्ये नव्हती. पण रास्त होती. मी पिंजऱ्याभोवती फिरून बघितलं. खिडकीजवळ नको, उष्णतेनं प्लास्टिक खराब होईल. तेलाच्या डब्याजवळ तर नकोच. डाव्या बाजूची चौकट मोकळी होती. अव्वांना हात वर करून दाखवायला सांगितलं आणि त्यांचा हात पोचला तिथं खडूनं खूण केली.

मामांनी लगेच वेल्डिंगची केबल ओढली. मी अडवलं. पिंजऱ्यावर वेल्डिंग केलं तर ठिणग्यांनी खिडकी जाते आणि करंटनं स्विचही जाऊ शकतो. मामांनी पट्टीच्या तुकड्यावर तिकडे बाजूला नट वेल्ड केला. मी मेनला कुलूप लावलं, चौकटीला छिद्र पाडलं आणि पट्टी बोल्टनं कसली. खाली राख पडायला बेअरिंगचं एक जुनं झाकण ठेवलं.

अव्वांनी अगरबत्त्या नटात खोचल्या. हलवून बघितल्या. “घट हायत,” म्हणाल्या.

मी फट साफ केली, कुलूप काढलं. दार लावलं. मामांनी बटण दाबलं आणि ड्रम फिरू लागला. अण्णा फोन काढून बाहेर गेले. थोड्या वेळानं चहा आला, आणि त्यासोबत भजी.

त्यानंतर जळकोटहून तक्रार आली नाही. महिन्याच्या तपासणीला मीच जाते. बोल्ट बघते, स्विच बघते, दार उघडून मशीन थांबतं का ते बघते. खिडकी स्वच्छ असते. मामांच्या गळ्यात उपरणं नसतं. अव्वा अधूनमधून दुपारीसुद्धा चक्कर टाकतात म्हणे, वेळ न सांगता. पत्र्याचं भोक बुजवायला अण्णा तयार आहेत, पण मामा बुजवू देत नाहीत, डबा कधी खायचा ते कळणार नाही म्हणून.

पुण्याला परत गेल्यावर मी पिंजऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये डाव्या चौकटीवर एक पट्टी आणि एक नट वाढवला. सरांनी बघितलं. “हे काय आहे? फंक्शन काय याचं?”

“इंटरलॉकचं संरक्षण, सर.”

त्यांनी सही केली.

नवीन पिंजरा बसवण्याआधी आमच्याकडे काही ठरलेले प्रश्न विचारतात. मशीन कुठलं, व्होल्टेज किती, चालवतं कोण. मी आता आणखी एक विचारते. सकाळी त्याची पूजा कोण करतं? आणि कामाच्या आदल्या दिवशी त्यांना भेटून येते.