कुंदा बसली की पंप बंद

आधीच सांगून टाकतो, मी भूतखेत, पायगुण, मुहूर्त यातलं काहीही मानणारा माणूस नाही. आमच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडले, आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही सगळं वाहून गेलं. त्यात मी पेशाने मोटार मेकॅनिक. गाडी बंद पडली की तिला कारण असतं, आणि ते शोधलं की सापडतं... यावर तर माझी भाकरी चालली. म्हणूनच ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

साल ऐंशीनंतरचं. मी वडसाला एका गॅरेजमध्ये कामाला होतो, घर कुरखेड्याला. धाकटी बहीण कुंदा, तिचं लग्न उन्हाळ्यात आमच्याच अंगणात झालं. नवरदेव भीमराव, शाळामास्तर. त्याचं गाव जंगलातल्या रस्त्याने दोनेक कोसांवर. गावाचं नाव देत नाही, माणसं अजून आहेत. वऱ्हाड ट्रकमधून आलं होतं. नवरा-नवरीसाठी मात्र मी गॅरेजमालकाची जुनी पेट्रोल जीप मागून आणली. माझीच हौस, दुसरं काय.

या जीपचा मूळचा पेट्रोल पंप कधीचाच गेला होता. त्याजागी मीच विजेवर चालणारा पंप बसवला होता, मागच्या सीटखाली, टाकीजवळ. चावी फिरवली की तो टक-टक-टक वाजतो, इंजिनाकडे पेट्रोल पोचलं की थांबतो. तो वाजलाच नाही म्हणजे पेट्रोल नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे गाडी जागची हलत नाही. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

त्रिसरण-पंचशील झालं, जेवणं झाली. अंधाराआधी जंगल पार करायचं म्हणून ऊन असतानाच निघायचं ठरलं. कुंदा मागे बसली, शेजारी भीमराव. मी चावी फिरवली. आवाज नाही.

असं होतं कधी कधी. पंपाच्या आतले पॉइंट चिकटतात, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने एक टोला दिला की सुटतात. दोघांना उतरवलं, सीट उचलली, टोला मारणार तोच पंप आपला आपण वाजायला लागला. सीट परत ठेवली, दोघं बसले — बंद.

"दिव्याखाली अंधार, मिस्त्री!" ट्रकमधून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो.

मग मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. दोन वायरींचा बल्ब लावून पाहिला, पंपापर्यंत करंट येत होता. अर्थिंग कच्चं असेल म्हणून बॅटरीपासून वेगळी वायर ओढली. पॉइंट पॉलिश पेपरने घासले. फरक नाही. मग डोक्यात आलं, बसणाऱ्याच्या वजनाने नळी नाहीतर वायर दबत असणार. हे तपासायला सोपं. इंजिनाकडची नळी काढून बाटलीत सोडली, म्हणजे पंप न थांबता वाजत राहील, आणि एकेकाला बसवायला सुरुवात केली.

नवरदेवाचे मामा म्हणजे अंगाने धानाची दोन पोती. ते बसले. टक-टक-टक, पंप जोरात. भीमराव बसला, चालू. दोघं एकदम बसले, तरी चालू. मग म्हटलं, "कुंदे, तू एकटी बस."

ती बसली आणि पंप थांबला. बल्ब मात्र जळतच होता. ती उठली की टक-टक. बसली की गप्प. मी म्हणालो, "पुन्हा बस." पुन्हा तेच. "पुन्हा." माझं सगळं ध्यान बाटलीतल्या धारेकडे. मेकॅनिकचं डोकं असंच चालतं हो, एकेक वस्तू बाजूला काढत जायचं, उरेल तो दोष. किती वेळा तिला उठवलं-बसवलं देव जाणे (देव मानत नाही, पण बोलायची सवय). शेवटी मान वर केली तेव्हा दिसलं, आता कुणीच हसत नव्हतं.

दोष वायरीत आहे हे दाखवायला मी निघालो होतो. भर मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर, मी दोष दाखवला तो माझ्या बहिणीत.

मामा खाकरले. "आपन तं हे काई मानत नाई म्हना... पन पोरीचा पायगुन..." पुढचं त्यांनी गिळलं.

"मामाजी, वायर खराब हाय. पोरगी नाई," मी म्हणालो.

"मंग दाखव ना वायर."

काय दाखवणार? कुंदाला ट्रकमध्ये बसवू म्हटलं, तर ट्रकवाला हात जोडून उभा. "भाऊ, राग नका मानू. माह्या गाडीत नको. जंगलात बंद पडली तं रात काढा लागन."

सासरचा उंबरठा बघायच्या आधी पोरीला नाव चिकटलं होतं, आणि अशी नावं आमच्याकडे जन्मभर सुटत नाहीत. वडील एका खांबाला धरून उभे. त्यांनी सोडलेले देव जणू आमच्याच अंगणात परत आले होते.

कुंदा अजून जीपमध्येच बसलेली. ती आपणहून उतरली, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "मी पायी येतो."

मग तिची सासू ट्रकच्या फाळक्यावरून खाली उतरली. "चाल वो बाई. मलेबी ट्रकात मळमळतेच." आणि तिने कुंदाचा हात धरला.

त्यांच्यामागे भीमराव. मग आणखी दोघं-चौघं. ट्रक रांगत मागे, आणि सगळ्यात शेवटी मी, पेट्या भरलेली जीप घेऊन. पंप सगळ्या रस्त्याने ठणठणीत वाजत होता. मी त्याला शिव्या देत होतो. वाटेत बाया तेंदूपत्त्याचे वाळत घातलेले पुडे उलटवत होत्या, त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. एकीने विचारलंच, "नवरी पायी अन गाडी मांगं, काऊन वो?"

"गाडी दमली," सासू म्हणाली.

नंतर तो पंप मी कितीदा उघडला. काही निघालं नाही. पुढेही तो कुरकुर न करता चालला. कुंदा एसटीने यायची-जायची, तिच्यामुळे एसटी कधी बंद पडली नाही. म्हणजे पडायची, पण ती सगळ्यांसाठीच पडायची. तरी गावात कुणाची विहिरीवरची मोटर जळली की कुणीतरी हसत विचारायचंच, "कुंदा गेली होती काय तिकडून?" हसत विचारायचं, पण विचारायचं. सासू होती तोवर तोंडावर कुणाची हिंमत नव्हती, ही तिची कृपा.

काही वर्षांनी मालकाने जीप भंगारात द्यायचं ठरवलं. माझी झोप उडाली. जीप तुटली की उत्तर कायमचं गेलं. सकाळीच जीप घेऊन कुंदाच्या गावी गेलो. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती.

"कुंदे, एकडाव मांगं बस. मी चाबी फिरवतो. येवढंच."

"चालू झाली तं?"

"तं नाव पुसलं तुह्यं. मी सोता मामाले जाऊन सांगतो."

"अन नाई झाली तं?"

याचा मी विचार केला नव्हता... खोटं कशाला बोलू, केला होता. आणि तरीही आलो होतो.

तिने हात पदराला पुसले, माझ्याकडून चावी घेतली आणि मागे जाऊन बसली. त्याच जागी. चावी मुठीत घट्ट. आणि गप्पा मारायला लागली — आईचे गुडघे कसे आहेत, यंदा मोह कमी पडला, धाकट्या पोरीला शाळेत घालायचंय. मी हो-नाही करत होतो, डोळे तिच्या मुठीवर. बऱ्याच वेळाने ती उतरली आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली.

"बसली मी, भाऊ. आता ने तुही गाडी."

परतताना पंप नीट वाजत होता. दुसऱ्या दिवशी जीप भंगारात गेली. वाचकांत कुणी जुना मेकॅनिक असेल आणि त्याला कारण सुचलं, तर मला अवश्य सांगावं, मी आजही ऐकायला बसलोय. पण ते कारण घेऊन कुंदाच्या अंगणात मी आता जाणार नाही.