जुन्या पत्त्याचे चोवीस तास

माझ्या धाकट्या बहिणीची नरखेडकडे संत्र्याची बाग आहे. पेट्यांची नोंदणी ती वेबसाइटवर घेते आणि ती साइट मी नागपुरातून सांभाळतो. नोंदणी एकच दिवस, रविवारी. सोमवारी सकाळी व्यापारी येऊन उरलेली बाग तोडून नेतो.

त्या रविवारी दहाला मी साइट नव्या सर्व्हरवर हलवली. जुन्या पानावर ‘नोंदणी बंद’ लिहून तिथलं खातं सोडून दिलं; पान मात्र महिनाअखेरपर्यंत दिसत राहणार होतं. मग क्लाउडवरच्या डीएनएस सेवेत जुन्याच्या जागी नव्या सर्व्हरचा आकडी पत्ता भरला. साइटचं नाव टाकणाऱ्याला ही सेवा तो पत्ता देते. माझ्या फोनवर नवी साइट उघडली.

अकराला बहिणीचा फोन. “दादा, मले तर नोंदणी बंद दिसून राहिली गा. काहून?”

कारण मीच होतो. एकदा मिळालेला पत्ता इंटरनेट कंपन्या जपून ठेवतात. किती वेळ, तो आकडा आपण भरतो. तिथे ८६४०० सेकंद होते, पूर्ण चोवीस तास. आदल्या दिवशीच ते तीनशेवर आणायला हवे होते. मी ते पत्त्याबरोबरच बदलले. कंपन्यांकडे आधीच गेलेला जुना पत्ता आता परत घेता येणार नव्हता, आणि जुन्या पानात शिरायची सोय मी स्वतःच घालवली होती. हे सगळं मी तिला सांगितलं.

“म्हणजे काही गिऱ्हाइकायले उद्या दहापर्यंत बंदच दिसन?”

“हो. एखादी कंपनी जास्तही वेळ ठेवते.”

“दरसालचे लोक हायेत ते, दादा. एकदा दुसरीकडं गेले का गेले.”

मी डीएनएसचं पान पुन्हा उघडून पाहिलं.

“बरं, आता रडू नको. विहिरीकडच्या दोन ओळी राखते. संत्रं झाडावर एक दिवस जास्त राहिलं तर बिघडत नाही. तेवढ्यासाठी व्यापाऱ्याले मंगळवारी परत बोलावते. बोंबलन, पण येईन. तू नोंदणी उद्या संध्याकाळपर्यंत वाढव.”

“माझ्यापायी तुले त्याचं ऐकावं लागन.”

“मंग, तूच करतं का त्याले फोन?”

मी नाही केला. तिनंच केला, आणि नंतर वहीतल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना, उद्या दहानंतर पाहा म्हणून.

सोमवारी दहा ते बाराच्या दरम्यान नऊ पेट्या नोंदल्या गेल्या, संध्याकाळपर्यंत एकूण सव्वीस. दोन ओळींत तीस निघतील असा तिचा अंदाज होता. नेहमीचे तिघे मात्र आले नाहीत. मी त्यांची नावं तिला वाचून दाखवली.

“त्यायले मी सांगते,” ती म्हणाली. “चार पेट्या बाजूले ठेवते.”