अभयारण्याखालची सही

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एकटे जेवढी काळजी करतात, तेवढी बाकीचं सगळं सेंगकांग उपनगर मिळून करत नसेल. निवृत्तीनंतर ते मुलीकडे राहायला आले ते किरणोत्सर्ग मोजायचं छोटं यंत्र खिशात घेऊनच. आमच्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा नवा ओटा बसवला, तेव्हा बाकीचे शेजारी तो बघायला आले; काका मोजायला आले. ग्रॅनाइटमध्ये थोडं असतंच, घाबरण्यासारखं काही नाही, असं मला समजावून त्यांनी चहा घेतला, पण दाराजवळच्या खुर्चीत बसून. एकदा हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावर त्यांनी तळलेल्या केळ्यांवर यंत्र धरलं. विकणाऱ्या बाईंना वाटलं, तपासणीला कुणी साहेब आलेत. त्यांनी घाईघाईनं हातमोजे बदलले. यंत्रानं काहीच वावगं दाखवलं नाही, म्हणून काका जास्तच अस्वस्थ झाले. यंत्रच बिघडलं असेल तर?

आम्ही या स्वभावाला हसायचो. त्यामागचं कारण कळलं ते गेल्या वर्षी. काकांची नोकरी अमेरिकेत झाली. अणुबॉम्बचा माल बनवणारा एक कारखाना तिथे बंद पडला होता. इमारती पाडून, विषारी माती उकरून नेल्यावर उरलेली जमीन तपासणाऱ्यांत काका होते. जमीन लोकांसाठी मोकळी करायला हरकत नाही, अशा कागदावर त्यांचीही सही आहे. आता तिथे कमरेएवढं गवत आहे, हरणं आहेत, आणि फाटकावर अभयारण्याची पाटी. काकांची मुलगी पक्ष्यांची अभ्यासक. तिला नेमकं तिथलंच वर्षभराचं काम मिळालं, आणि आठ वर्षांच्या लेकीला ती सोबत नेणार होती.

काकांना जेवण जाईना. चार दिवसांनी मुलीनं मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा ती शांतपणे विचारत होती, "बाबा, सही खोटी होती का?"

"नाही. आकडे नियमात बसत होते." काका स्वतःच्या नखांकडे बघत राहिले. "पण सही करताना तिथे माझी नात खेळेल, असं मी धरलं नव्हतं."

"मग ज्यांच्या नाती आजही तिथे खेळतात, त्यांना काय सांगायचं?"

नात सोफ्यावरून इथल्या मुलांच्या लकबीत म्हणाली, "हरणं ओके, मी पण ओके लाऽ." कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतःचंही तिकीट काढायला सांगितलं.

परवा तिकडून त्यांचा फोन आला. नात पायवाटेवर पुढे पळते, हे मागून चालतात. तिनं माती हातात घेतली की सुरुवातीला ओरडायचे. आता नुसतं हात धुवायला लावतात. झोप अजून नीट लागत नाही म्हणाले. मला राहवलं नाही. मी विचारलं, सगळं सुरक्षित आहे ना? पलीकडून वारा ऐकू येत होता.

"आम्ही मोजलं तेवढं तरी आहे," काका म्हणाले. मग आवाज जरा खाली आला. "फार सुंदर आहे रे इथे. मी तेव्हा मान वर करून बघितलंच नव्हतं."