सुनंदाची ट्रंक

माझा नवरा गेला, पण त्याला मी हे सांगितलं नाही. मुलांना तर नाहीच. तुम्ही पहिले. आणि सांगायला बसले तरी बघा, आधी तोंडात येतं ते सुनंदा कशी होती, तेच. म्हणजे पुन्हा तिच्यावरच ढकलायचं — सवय जात नाही.

सुनंदा माझ्या धाकट्या भावाची बायको. तो ऐन तिशीत काविळीने गेला. मागे ती आणि तिची चिमुरडी मुलगी. नाहूरला आमची भातशेती होती, पावसाळा सरला की त्याच जागेत पालक, मुळा, माठ. माझे वडील — आबा — थकले तशी ती शेती सुनंदाने एकटीने ओढली. भाजीच्या जुड्या बांधून मुलुंडच्या बाजारात नेऊन विकायची. मी घाटकोपरला शाळेत शिकवायचे आणि रविवारी माहेरी जायचे. जाऊन काय करायचे? नजर ठेवायचे. ही आबांच्या पायांना तेल का चोळते? मी आले की दोघांचं बोलणं का थांबतं? बाहेरून आलेली बाई म्हाताऱ्याचं एवढं का करील — उगाच?

ऐंशी सालानंतरचे दिवस ते. बिल्डरांची माणसं बांधावर येऊन उभी राहायची. आणि माझ्या डोक्यात एकच — ही सगळं लिहून घेणार.

आबांनी गावातल्या मास्तरांकडून मृत्युपत्र लिहून घेतलं, हे भावकीत सगळ्यांना कळलं होतं. आत काय आहे ते मात्र आबा आणि मास्तरांनाच ठाऊक. मास्तर पुढे आबांच्या आधीच गेले. एका रविवारी आबांनी मला विहिरीपाशी बोलावलं आणि चिकटवलेलं पाकीट हातात दिलं.

"कुसुम, तू शिकलेली. तुझ्याकडे ठेव. मी गेल्यावर सगळ्यांपुढे वाच."

मी ते दुसऱ्याच दिवशी फोडलं.

शेत आणि घर सुनंदाला. मला आईच्या पाटल्या. खाली एक ओळ होती — कुसुम तिच्या घरी सुखात आहे, ती हरकत घेणार नाही, याची मला खात्री आहे. ती वाचून मला लाज वाटायला हवी होती ना? मला वाटलं, ही ओळ सुनंदानेच घालायला लावली.

आबा गेले. तेराव्याला जेवणं झाल्यावर काकांनी विचारलं, "आबाचा कागद कुठाय?"

आता सांगते. पाकीट माझ्या घाटकोपरच्या कपाटात होतं, साड्यांखाली. आणि मी म्हणाले, "मला काय माहीत? घरातच असेल. घरात कोण असायचं?"

एवढंच. नाव घेतलं नाही मी कुणाचं. घ्यावं लागलं नाही.

सुनंदा पाण्याचे पेले उचलत होती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. तिने पेले खाली ठेवले, आत गेली आणि तिची पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर घेऊन आली. झाकण उघडून बाजूला उभी राहिली. काकूंनी एकेक वस्तू काढली. तीन साड्या, मुलीचा जन्माचा दाखला, माझ्या भावाचा एक इस्त्री केलेला शर्ट.

"तळाचं वर्तमानपत्रपण उचला," सुनंदा म्हणाली. "नीट बघा."

मीही वाकून बघत होते. का? काय सापडणार होतं मला तिथे?

कागद नाही म्हटल्यावर जमिनीचे दोन हिस्से झाले, तिचा नि माझा. तिला विकायची नव्हती, मी विकायला लावली. माझ्या वाट्यातून मुलुंडला आमचा फ्लॅट झाला. ती चारकोपला एका खोलीत गेली, तिथल्याच कारखान्यात पॅकिंगला लागली. भावकीत बोललं जायचं — कागद कुसुमच्या नावचा असणार, म्हणून हिने जाळला. तिला कार्याला बोलवणं बंद झालं. मी एकदाही म्हटलं नाही, की तसं नाही.

बऱ्याच वर्षांनी ती मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. बसली नाही.

"वन्सं, आबांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "कागद कुसुमकडे दिलाय, काळजी करू नको, असं."

मी म्हटलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?" — आणि कळलं, की मी कबूल करून बसले.

"तुम्ही सांगाल असं वाटलं," ती म्हणाली. "ट्रंक रिकामी होईपर्यंत वाटत होतं."

ती गेली. मी गॅलरीत धावले. कशाला, माहीत आहे? खाली तिच्यासाठी कुणी वकील-बिकील थांबलाय का, ते बघायला. कुणी नव्हतं. छत्री काखेत धरून ती बसस्टॉपकडे चालली होती. त्याच दुपारी मी आबांचा कागद बारीक फाडून टाकला.

लग्नाला गेले. काका-काकू आले होते, तिच्याकडे अजून तसंच बघत होते. मी त्यांच्या शेजारी पंगतीत बसले आणि जेवले.